डॉ. जॉर्ज हंटिंग्टन

वैद्यकशास्त्रात नाव कमावलेल्या पुष्कळांच्या पाठीशी मोठी रुग्णालये आणि सुसज्ज प्रयोगशाळा होत्या. डॉ. जॉर्ज हंटिंग्टन ह्यांच्यापाशी होती ती केवळ वडील-आजोबांनी जतन केलेल्या निरीक्षणांची शिदोरी.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८५० रोजी अमेरिकेतील लाँग आयलंड बेटावरील ईस्ट हँप्टन ह्या गावी झाला. आजोबा एबल ह्यांनी १७९७ साली तेथे वैद्यकी सुरू केली होती. वडील जॉर्ज ली ह्यांनी ती पुढे चालविली. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जात असता जॉर्जला वाटेत दोन कृश स्त्रिया दिसल्या. त्या मायलेकींची शरीरे सारखी वळत होती, चेहरे वेडेवाकडे होत होते. मुलगा भयचकित झाला. वडील मात्र गाडी थांबवून त्यांच्याशी बोलले. हा प्रसंग जॉर्ज कधीच विसरले नाहीत.

१८७१ मध्ये त्यांनी कोलंबिया येथील वैद्यकीय पदवी घेतली. १५ फेब्रुवारी १८७२ रोजी ओहायोतील मिडलपोर्ट गावी वैद्यांच्या सभेत त्यांनी कोरिया, म्हणजे अंगास अनावर झटके देणाऱ्या विकारावर निबंध वाचला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. निबंधाच्या अखेरीस त्यांनी ह्या विकाराच्या एका निराळ्या प्रकाराचे वर्णन केले. तो आनुवंशिक असून बहुधा प्रौढपणी उद्भवतो आणि शरीराबरोबर मनही ढासळवितो. ग्रस्त घराण्यांत त्याचा उच्चारही टाळीत. परंतु ज्या अपत्यास हा रोग होत नाही, त्याच्या पुढील वंशात तो पुन्हा दिसत नाही, हे हंटिंग्टन ह्यांनी स्पष्ट नोंदले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली जगापुढे पुन्हा आले, त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधीची ही गोष्ट! तीन पिढ्यांनी तीच घराणी पाहिली नसती, तर हे सूत्र हाती येणे कठीण होते.

त्या रोगास पुढे त्यांचेच नाव मिळाले. परंतु ते संशोधक म्हणून मिरवले नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील खेड्यापाड्यांत त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. बासरी, चित्रकला व शिकार हे त्यांचे छंद होते. ३ मार्च १९१६ रोजी ते निवर्तले.

त्यांनी आरंभिलेले काम पुढे रुग्णांच्या कुटुंबांनीच तडीस नेले. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठी हा रोग असलेली मोठी घराणी राहतात. स्वतः अशाच कुटुंबातल्या नॅन्सी वेक्सलर ह्यांनी सहकाऱ्यांसह तेथे वंशावळी जमविल्या व रक्ताचे नमुने घेतले. त्यांच्या आधारे १९८३ मध्ये दोषी जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. १९९३ मध्ये तो जनुकच सापडला. आईवडिलांपैकी एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. आज रक्ततपासणीने भवितव्य आधीच कळू शकते. पण रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. म्हणून ती तपासणी करावी की नाही, हा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

अशा स्थितीतही अनेक रुग्ण नव्या औषधांच्या चाचण्यांत स्वेच्छेने भाग घेतात. लाभ कदाचित आपणांस न होता पुढील पिढीस होईल, हे त्यांना ठाऊक असते. हंटिंग्टन ह्यांचे स्मरण करताना ह्या अनाम माणसांचेही ऋण आम्ही मानले पाहिजे. ज्या रोगाचे नाव घेणेही लोक टाळीत, त्याच्याशी झुंजण्यास आज तेच रुग्ण पुढे सरसावले आहेत.