रेव्हरंड नारायण वामन टिळक : शिष्यत्वाची वाटचाल

प्रस्तावना

'शिष्य' हा शब्द 'शास्' या संस्कृत धातूपासून आला आहे. ज्याला शिकवायचे, वळण लावायचे, तो शिष्य. आपल्या परंपरेत शिष्य गुरूकडून माहिती घेऊन घरी परतत नसे. तो गुरूच्या घरी राही आणि त्याचे जगणे हळूहळू गुरूच्या जगण्यासारखे होत जाई. मराठी बायबलमध्ये येशूच्या अनुयायांसाठी हाच शब्द योजला गेला. या शब्दाचा पूर्ण अर्थ स्वतःच्या आयुष्यात उतरवू पाहणाऱ्या एका मराठी कवीचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

तुमच्यापैकी जे मावळातील नवलाख उंबरे, इंदोरी किंवा सुदुंबरे या परिसरात राहतात, त्यांना भंडारा डोंगराची ओळख वेगळी करून द्यायला नको. तुकोबांच्या चिंतनाची ही जागा. माघ महिन्यात तेथे लोटणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल. या डोंगराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आणले, असे नारायण वामन टिळक आवर्जून सांगत. म्हणून त्यांचे चरित्र वाचताना वारकरी परंपरा एका बाजूला आणि ख्रिस्ती धर्म दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करून चालत नाही. दोन्हींचा प्रवाह त्यांच्या ठिकाणी एकत्र वाहतो.

जडणघडण आणि शोध

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील करारी आणि कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई धर्मशील आणि काव्यप्रेमी होत्या. आई लवकर गेली आणि मुलाचे घराशी असलेले नाते सैल झाले. नारायण नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत.

त्यानंतरची वर्षे अस्थिरतेची होती. टिळकांनी शिक्षकाची कामे केली, कीर्तने केली, पुराणे सांगितली, कविता लिहिल्या. एका गावी ते फार काळ टिकत नसत. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयासंबंधीचे काम हाती घेतले. ही अस्वस्थता केवळ स्वभावाची नव्हती. जातिभेद, मूर्तिपूजा आणि कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात शंका निर्माण झाल्या होत्या आणि देशाला नवजीवन देईल अशा धर्माचा ते शोध घेत होते. स्वतःच असा धर्म उभारावा, असाही विचार त्यांच्या मनात आला होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. टिळकांनी वचन दिल्याप्रमाणे तो वाचायला घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवरही प्रेम करण्याची आणि दान गुप्तपणे देण्याची ती शिकवण त्यांना सोडवेना. पुढची सुमारे दोन वर्षे अभ्यास, पत्रव्यवहार आणि मनातील झगडा यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

निर्णयाची किंमत

येथे तुम्ही क्षणभर थांबावे. संतचरित्रे वाचताना आपण नायकाच्या त्यागाकडे पाहतो. त्या त्यागाचा भार आणखी कोणावर पडला, हे विचारायचे राहून जाते. टिळकांनी जात, प्रतिष्ठा आणि आप्तेष्ट गमावले, हे खरेच. परंतु बाप्तिस्म्याची वार्ता लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली तेव्हा सर्व काही घडून गेले होते. त्यांच्या संमतीचा प्रश्नच उरला नव्हता. नवरा जिवंत असूनही संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू आणि डोक्यावर समाजाची बोलणी, अशा अवस्थेत त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ त्यांनी विठ्ठलाच्या पंढरपुरात काढला. ही ताटातूट सुमारे चार-पाच वर्षांची होती.

टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या त्यांच्या धर्मात नव्हे, त्यांच्या घरात. सुरुवातीला त्यांची चूल वेगळी होती, पाणी वेगळे होते, सोवळेओवळे कायम होते. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतः केला, स्वतःच्या तर्काने केला, आणि १९०० मध्ये स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

या दोन निर्णयांची तुलना करा. पहिल्या निर्णयात निष्ठेचे तेज आहे, तसेच जवळच्या माणसाला विश्वासात न घेतल्याची उणीवही आहे. नंतरच्या वर्षांत मात्र धीर आणि दुसऱ्याच्या बुद्धीविषयीचा आदर दिसतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी टिळक ख्रिस्ती झाले. शिष्याला हवी ती नम्रता त्यांना पुढची वर्षे शिकवीत गेली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

अहमदनगरचे घर

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र असलेले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी हे झाले. ते धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत सांभाळले.

त्यांच्या घराचे दार उघडे असे. अनाथ मुले, गरजू विद्यार्थी, नवे कवी यांना तेथे आसरा मिळे. हातातले पैसे समोरच्या गरजवंताला देऊन टिळक मोकळे होत आणि घरखर्चाची जुळवाजुळव लक्ष्मीबाईंना करावी लागे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी या घरात मुलासारखा राहिला. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. या संमेलनामागे टिळकांची मोठी खटपट होती. ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. टिळकांच्या घरातील माया धर्मांतराच्या अटीवर मिळत नव्हती.

भक्तीची भाषा

मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्ही टिळकांच्या भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. १८११ मध्ये विल्यम केरी यांनी सिरामपूरहून मराठी 'नवा करार' प्रसिद्ध केला. तेव्हापासून मिशनऱ्यांनी मराठी गद्याची मोठी सेवा केली. पण त्यांच्या धार्मिक लेखनात वाक्यरचना पुष्कळदा परकी राही. उपासनेत म्हटली जाणारी बरीच गीते इंग्रजीची भाषांतरे होती आणि चालीही पाश्चात्त्य होत्या. त्यामुळे खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाची प्रार्थना आणि त्याची घरची बोली यांत अंतर पडले होते.

टिळकांनी हे अंतर कमी केले. अभंग, ओवी, पद आणि कीर्तन हे रूपबंध त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' रचले होते. टिळकांनी ती वाट आपल्या काळात पुन्हा मोकळी केली. मराठी ख्रिस्ती उपासनासंगीतात त्यांची दोनशेहून अधिक गीते समाविष्ट झाली. त्यांत ख्रिस्त हा न्यायासनावर बसलेला परका राजा राहत नाही. तो गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्याला हे नाते परके वाटणार नाही. निसर्गावरील आणि मुलांवरील कवितांमुळे त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जाते. त्या कवितांमागेही हीच वत्सल दृष्टी आहे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

देवाचा दरबार

वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार, घर आणि मान असलेली जागा त्यांनी आपखुशीने त्यागली. मिशनविषयी कृतज्ञता असूनही, परदेशी पैशावर आणि परदेशी पद्धतींवर उभी असलेली मंडळी आपल्या देशबांधवांच्या हृदयाला भिडणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. त्यांनी भारतीय संन्याशाचा आदर्श स्वीकारला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांनी तेथे बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यांची कल्पना होती. शिष्यत्व संस्थेच्या नोंदवहीपेक्षा मोठे आहे, या जाणिवेतून ती आली होती.

हा प्रयोग रुजण्याइतका काळ त्यांना मिळाला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

समारोप

टिळकांच्या आयुष्यात त्याग दोनदा आला. १८९५ मध्ये त्यांनी जन्माने मिळालेला समाज सोडला. १९१७ मध्ये धर्मांतराने मिळालेली सुरक्षितताही सोडली. पहिला त्याग अधिक प्रसिद्ध असला तरी दुसऱ्यावाचून पहिल्याचा अर्थ पुरा होत नाही. नव्या धर्मात स्थिरावलेला मनुष्य तेथेच समाधानाने राहू शकला असता. टिळक राहिले नाहीत, कारण गुरूचे अनुकरण हे त्यांच्या लेखी कधीही न संपणारे काम होते. भाषा, देश आणि तुकोबा यांपैकी काहीही त्यांनी त्यासाठी टाकून दिले नाही. जे सोडावे लागले ते मान, पैसा आणि अहंकार यांच्या जातीचे होते. मात्र त्यांच्या पहिल्या पावलाचा आघात लक्ष्मीबाईंनी सोसला, हेही या चरित्राचे वाचन करताना विसरू नये.

स्वाध्याय

१. टिळकांच्या बाप्तिस्म्याचा आणि लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याचा निर्णय यांतील फरक तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. वारकरी परंपरेतील गुरुशिष्यनाते आणि टिळकांची शिष्यत्वाची कल्पना यांतील साम्यभेद लिहा.
३. तुमच्या परिसरातील भजन, कीर्तन किंवा उपासनागीत ऐका. त्यात देवाला कोणत्या नात्याने हाक मारली आहे, याची नोंद करा.