डोरोथीचा न निघालेला मोर्चा

न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओ'कॉनर यांनी डोरोथी डे हिला संतपद मिळावे म्हणून व्हॅटिकनकडे शब्द टाकला आणि २००० साली तिला ‘देवाची सेविका’ म्हणण्यास मान्यता मिळाली. त्या वाटेवरची ही पहिली पायरी. तिच्या तरुणपणच्या गर्भपाताचा कार्डिनलांनी आवर्जून उल्लेख केला होता. गर्भपात केलेली बाईही संतपदापर्यंत पोचू शकते, हे त्यांना दाखवायचे होते. हेतू चांगलाच. पण तिच्याबरोबर काम केलेल्या काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. युद्धाला आणि श्रीमंतीला आयुष्यभर नकार देणारी ही बाई उद्या गर्भपातविरोधी फलकावरचे चित्र होऊन बसेल, ही त्यांची भीती होती.

मी ख्रिस्ती आहे. गर्भातला जीव हा जीवच, असे मी मानते. आणि तरीही दवाखान्याच्या दारात फलक घेऊन उभी राहिलेली, आत जाणाऱ्या पोरींवर ओरडणारी अमेरिकेतली माणसे चित्रात पाहिली की माझ्या पोटात कालवते. ही दोन्ही एका मनात कशी नांदतात, याचे उत्तर मला वादविवादात कधी मिळाले नाही. डोरोथीच्या आयुष्यात थोडेफार सापडले.

तिचा जन्म १८९७ चा, ब्रुकलिनमधला. बाप पत्रकार, घरात धर्माचे वातावरण बेताचेच. कॉलेज अर्धवट सोडून ती न्यूयॉर्कला आली आणि समाजवादी पत्रांत लिहू लागली. १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर उभी राहिली म्हणून तुरुंगात गेली, तिथे उपोषणही केले. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात ती परिचारिकेचे काम शिकायला लागली आणि तिथे लायनेल मॉइझ नावाच्या माणसावर तिचा जीव जडला. दिवस राहिले. त्याला मूल नको होते. तो आपल्याला सोडून जाईल या धास्तीने तिने १९१९ मध्ये, कायद्याच्या नजरेआड, गर्भपात करून घेतला. तो गेलाच. तिला नंतरही त्रास होत राहिला आणि आपल्याला आता मूल होणार नाही, असे तिने मनाशी धरून टाकले.

या साऱ्याची तिने कादंबरी केली. ‘द इलेव्हन्थ व्हर्जिन’ १९२४ मध्ये निघाली. पुस्तक म्हणून ती सामान्यच. पण तिचे चित्रपट-हक्क विकले गेले आणि त्या पैशांतून डोरोथीने स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर एक छोटेसे घर घेतले. फॉर्स्टर बॅटरहॅम तिथे तिच्याबरोबर राहू लागला. समुद्र, मासे, तारे यांत रमणारा, देव आणि विवाह दोन्ही न मानणारा माणूस. त्या घरात तिला पुन्हा दिवस गेले. ज्या पुस्तकात न झालेल्या मुलाची कहाणी होती त्याच पुस्तकाच्या पैशांनी घेतलेल्या घरात! मार्च १९२६ मध्ये टमार जन्मली. डोरोथीचा आनंद इतका की तो कोणाच्या पायाशी ठेवावा हे तिला कळेना, आणि ती चर्चकडे वळली. आधी लेकीचा बाप्तिस्मा, मग १९२७ च्या डिसेंबरात स्वतःचा. त्यासाठी फॉर्स्टरला सोडावे लागले. तिचे त्याच्यावर प्रेम होते. ते सोडणे सोपे गेले नाही.

पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे. पीटर मॉरिन या भणंग फ्रेंच विचारवंताची गाठ पडली आणि १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ एका सेंटला विकला गेला. पाठोपाठ भुकेल्यांना सूप आणि बेघरांना अंथरूण देणारी घरे उघडली. दुसऱ्या महायुद्धातही तिने शस्त्राला विरोध केला, तेव्हा वाचक भराभर गळाले. बाई हटली नाही. १९५५ पासून अणुहल्ल्याच्या सरावाच्या वेळी तळघरात जायला नकार देऊन ती अटक होत राहिली. शेवटची अटक १९७३ ची, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या लढ्यात. वय ७५.

आता पाहा. त्याच १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला होता. डोरोथीला ते मुळीच पटले नाही. पुढल्या वर्षी कॅथलिक शांततावाद्यांच्या निषेधपत्रकावर तिने सहीही केली. तिला स्त्रीमुक्तीच्या बाजूने ओढू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. पण रस्त्यावर उतरणे, तुरुंगात जाणे ज्या बाईच्या हाडीमाशी खिळले होते, तिच्या अटकांच्या यादीत गर्भपातासाठी झालेली एकही अटक नाही. १९५२ च्या आत्मचरित्रात तर तिने स्वतःचा गर्भपात लिहिलाच नाही. जुन्या कादंबरीच्या प्रती मिळतील तिथून गोळा करून ती नष्ट करी, असे सांगतात.

याला कोणी लपवाछपवी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मागे एकदा आमच्याकडे एका सभागृहात गर्भपाताविरुद्धचा बोलपट दाखवला होता. माझ्या शेजारच्या मावशी मध्येच उठल्या आणि व्हरांड्यात तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी पाणी नेऊन दिले. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही. आत पडद्याशेजारी जो गृहस्थ तावातावाने बोलत होता त्याला याचा पत्ताही नव्हता. डोरोथीला व्हरांड्यातली बाई ठाऊक होती. ती स्वतःच ती बाई होती.

१९७० मध्ये मैत्रीण आयलीन ईगन हिच्यासोबत ती कलकत्त्याला आली. मदर तेरेसांनी आपल्या भगिनींचा क्रूस तिच्या पोशाखावर टाचला. दोघींची श्रद्धा एकच. पण मदरनी १९७९ मध्ये ऑस्लोच्या व्यासपीठावरून गर्भपाताला शांतीचा सर्वांत मोठा शत्रू ठरवले, तसे काही डोरोथीने केले नाही. जीवरक्षण म्हणजे बिनशिवणीचा अंगरखा, एक धागा तोडला तर सारे उसवते, ही उपमा १९७१ मध्ये दिली ती या ईगननेच. युद्ध, फाशी, उपासमार, गर्भपात, सारे एकाच कापडात. मोर्चेवाल्यांना नेमका एकच धागा हवा असतो, आणि माझी अडचण तिथेच सुरू होते.

डोरोथी १९८० च्या २९ नोव्हेंबरला गेली. त्यानंतर दवाखाने अडवण्याच्या मोहिमा पेटल्या. १९९३ मध्ये फ्लोरिडात डॉ. डेव्हिड गन यांना गोळी घातली गेली. २००९ मध्ये विचिटात डॉ. जॉर्ज टिलर यांना तर त्यांच्याच चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेच्या दिवशी. २०२२ मध्ये न्यायालयाने १९७३ चा निकाल फिरवला, तेव्हा एका बाजूला जल्लोष झाला. त्या जल्लोषात जन्मणाऱ्या मुलांच्या दुधाविषयी, त्यांच्या आयांच्या घरभाड्याविषयी मी फारसे काही ऐकले नाही. डोरोथीच्या घरांत अविवाहित गरोदर मुलीही येत. त्यांना जेवण आणि अंथरूण मिळे.

तिची पत्रे २०१० मध्ये छापून आली. त्यांत १९७३ चे एक पत्र आहे, संकटात सापडून जिवावर उदार झालेल्या एका तरुणीला लिहिलेले. त्यात पापाची चर्चा नाही. वर्षानुवर्षे जे आत्मचरित्रात आले नाही ते तिने त्या अनोळखी पोरीला सरळ सांगून टाकले: आपलाही गर्भपात झाला होता, आपणही दोनदा जीव द्यायला निघालो होतो, आणि आज सकाळपासून आपण तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहोत.