गुठळीमागचा आजार

पोटातला आजार हाताने चाचपून आणि रुग्णाला प्रश्न विचारून ओळखायचा, तो काळ. सोनोग्राफी नाही, एक्स-रेही नाही. निदान बरोबर होते की चूक, हे बहुतेक वेळा शवविच्छेदनातच कळायचे. अशा दिवसांत पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात अरमाँ त्रुसो शिकवत होते.

त्रुसो यांचा जन्म १८०१ मध्ये फ्रान्समधील तूर शहरात झाला. तरुणपणी ते शाळेत वक्तृत्व शिकवत; मग तूरमध्येच डॉ. पिएर ब्रेतोनो यांच्या हाताखाली ते वैद्यकाकडे वळले. घटसर्पाने श्वास कोंडलेल्या मुलांच्या गळ्याला छेद देऊन त्यांना वाचवण्याची शस्त्रक्रिया रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची व्याख्याने ऐकायला परदेशांतूनही डॉक्टर येत.

यांपैकी एक व्याख्यान पायाच्या सुजेवर होते. पाय अचानक सुजतो, पांढराफटक पडतो आणि प्रचंड दुखतो. बाळंतिणींमध्ये हा त्रास डॉक्टरांच्या ओळखीचा होता. आईचे दूध पायात उतरते, अशीही एक समजूत होती! प्रत्यक्षात शिरेत रक्ताची गुठळी झालेली असे. त्रुसो यांना हीच सूज कर्करोगाच्या रुग्णांत वारंवार दिसली, आणि तीही कधी कधी कर्करोगाचा पत्ता लागण्याआधी. शिरेवर गाठीचा दाब पडतो म्हणून असे होते, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. या रुग्णांचे रक्तच बदलते आणि आपोआप गोठू लागते, असे त्यांचे मत होते. म्हणून ते विद्यार्थ्यांना सांगत, की जठराचा जुना दाह, साधा व्रण की कर्करोग, असा घोळ पडला असताना हातापायाच्या शिरेत गुठळी झाली, तर कर्करोग धरून चला. हे व्याख्यान १८६५ मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापून आले.

पुढे दोन वर्षांतच, १८६७ च्या पहिल्या जानेवारीला, पोटाच्या दुखण्याने हैराण झालेल्या त्रुसो यांना स्वतःच्याच शिरेत गुठळी आढळली. त्यांनी आपले विद्यार्थी मिशेल पीटर यांना ती दाखवली आणि आता आपण वाचत नाही, निदानाबद्दल शंका उरली नाही, असे सांगितले. आपल्याच शिकवणीचा निकाल त्यांनी स्वतःला लावला होता. २३ जून १८६७ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

पोटाच्या आतल्या शिरांमधल्या गुठळ्या मात्र त्रुसो यांना बाहेरून दिसण्यासारख्या नव्हत्या. यकृताकडे रक्त नेणारी शीर, यकृतातून रक्त बाहेर आणणाऱ्या शिरा, प्लीहेची किंवा आतड्याची शीर यांत गुठळी होणे दुर्मिळ आहे आणि लक्षणे फसवी असतात : पोटदुखी, पोटात पाणी होणे, प्लीहा वाढणे, कधी रक्ताची उलटी. पित्त किंवा गॅस समजून दिवस निघून जातात. आता डॉपलर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये ती गुठळी दिसते. पण ती दिसली म्हणजे काम संपले नाही. ती का झाली, हे शोधावे लागते. यकृताचा सिरॉसिस, स्वादुपिंडाची सूज, रक्त गोठू न देणाऱ्या प्रथिनांची जन्मजात कमतरता किंवा लपलेला कर्करोग, यांपैकी काहीही असू शकते. अस्थिमज्जेचा एक संथ विकार तर रक्तपेशींची मोजणी सामान्य दिसत असतानाही असू शकतो; त्यासाठी २००५ मध्ये उजेडात आलेल्या 'जॅक-२' या जनुकातील बदलाची रक्तचाचणी करतात.

प्रत्येक गुठळी कर्करोगाची नसते. शस्त्रक्रिया, बाळंतपण, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे, काही गोळ्या यांनीही ती होते. पण कारण सापडत नसेल आणि गुठळ्या एकदा इथे, एकदा तिथे होत असतील, तर डॉक्टर आजही त्रुसो यांचे नाव घेतात आणि पोटाची तपासणी सांगतात.