डॉ. सुब्बाराव आणि मुलांचा रक्ताचा कर्करोग

यंदाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे कार्यकारिणीच्या सभेत ठरले व ते काम माझ्याकडे आले. राणी लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर मागील अंकांतून लेख येऊन गेलेले आहेत. म्हणून या वेळी मी आंध्रातील एका संशोधकाची माहिती द्यावयाचे योजिले आहे. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव वैद्यकाच्या जगात मोठे आहे. आपल्या बायकांच्या बैठकीत मात्र ते क्वचितच निघते. पण ज्या घरी लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, त्या घरातील आईने त्यांच्या संशोधनातून निघालेले औषध आपल्या हाताने मुलाला दिलेले असते.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी गोदावरीकाठच्या मुलखात, भीमावरम् येथे झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, परंतु दुखण्यामुळे त्यांना लवकर घरी बसावे लागले व मुलगा शाळेत असतानाच ते वारले. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. एकदा तर केळी विकून पैसे मिळवावेत म्हणून तो काशीला पळून निघाला होता. आईने त्याला वाटेतून परत आणविले. मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या खेपेस पास झाला. पुढे संन्यास घेऊन रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याचे वेड डोक्यात शिरले, त्यालाही आईने संमती दिली नाही. या व्यंकम्माबाईंनी अंगावरचे दागिने विकून मुलाला शिकविले. चरित्रकार हे एका ओळीत सांगून पुढे जातात, पण विधवा बाईने त्या काळी असे करणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी वापरावयास सुरुवात केली. शल्यक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही आणि पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाची एल्. एम्. एस्. ही पदवी हाती पडली. त्याच सुमारास संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. तेच दुखणे त्यांनाही जडले, डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदीय उपचाराने ते वाचले. आपले भाऊ कशाच्या अभावी गेले, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला असला पाहिजे असे मला वाटते.

सासऱ्यांच्या व एका धर्मादाय निधीच्या मदतीने ते १९२२-२३ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनला गेले. पत्नी शेषगिरी त्या वेळी गरोदर होती. शिकून परत यावयाचे, अशी बोली होती. मुलगा झाला आणि वर्षाचा होण्याआधीच जंतुसंसर्गाने गेला. बापाने त्याला पाहिले नाही. सुब्बाराव पुन्हा मायदेशी आले नाहीत व शेषगिरीबाईंची व त्यांची भेट झाली नाही. त्यांच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, तरी ही गोष्ट मला आजही खटकते आणि ती झाकून चरित्र लिहावे असे वाटत नाही.

बॉस्टनमध्ये हा डॉक्टर पोटासाठी रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी उचलीत असे व दिवसा हार्वर्ड विद्यापीठात शिकत असे. तेथे डॉ. फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसविली (१९२५). स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या ए. टी. पी. या द्रव्याचा शोधही याच जोडीच्या कामातून लागला. १९३० साली पीएच्. डी. मिळाली, कायमची जागा मात्र मिळाली नाही. अखेर १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ली या औषधी कंपनीत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. हत्तीरोगावरील हेट्राझान हे औषध आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्याच कारकीर्दीत निघाले.

आता जी गोष्ट सांगावयाची, तिचे एक टोक मुंबईत आहे. १९२८ पासून डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. त्यांत कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका पुष्कळ होत्या. यीस्टपासून केलेला, पावाला लावावयाचा मार्माइट नावाचा काळपट पदार्थ दिला की या बायकांचे रक्त सुधारते, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात असलेले जीवनसत्त्व म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. आणि १९४५ मध्ये सुब्बारावांच्या मंडळींनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. संग्रहणीवरही ते गुणकारी ठरले. भावांसाठी हवे होते ते औषध हाती आले, पण पंचवीस वर्षे उशिरा!

बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळातील डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक ॲसिडची जातभाई द्रव्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना देऊन पाहिली, तो रोग उलट अधिकच वेगाने वाढला. तेव्हा त्यांनी तर्क केला की, जे घातल्याने हे तण माजते, ते तोडले तर ते वाळेल. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने तसे द्रव्य करून दिले. कुलपात बरोबर बसते पण फिरत नाही, अशा किल्लीसारखे. पेशी ते फॉलिक ॲसिड समजून घेते आणि मग तिची वाढ अडते. ॲमिनोप्टेरिन हे त्याचे नाव. डिसेंबर १९४७ च्या अखेरीस ते मुलांना देण्यास प्रारंभ झाला. १६ मुलांपैकी १० मुलांना उतार पडला, असे जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही दिवसांचेच सोबती म्हणून ज्यांची आशा सोडली होती, ती मुले उठून खेळू लागली. पण काही महिन्यांत रोग उलटला.

हे उलटणे नीट समजून घेतले पाहिजे. गेल्या वर्षी माझ्या चुलत नणंदेच्या चार वर्षांच्या नातवाला हाच रोग निघाला. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असे त्याचे लांबलचक नाव. रक्त तयार होते हाडांच्या पोकळीतील मज्जेत. तेथे एका जातीच्या पांढऱ्या पेशी कच्च्या राहतात व बेसुमार वाढून बाकीच्यांची जागा बळकावतात. मग मूल फिकट पडते, ताप हटत नाही, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून ते चालावयास नाही म्हणते. दोन ते पाच या वयात तो अधिक दिसतो. तो संसर्गाने होत नाही आणि आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, हेही मुद्दाम लिहिते. कारण त्या सुनेला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून नको नको ते ऐकावे लागले.

महिनाभराच्या उपचाराने मुलाच्या रक्तात रोग दिसेनासा झाला, तेव्हा घरच्यांना वाटले, आता केस जातील अशी औषधे कशाला? डॉक्टरांनी फार्बरांच्या मुलांचीच हकिकत सांगितली. दिसत नाहीत अशा कोट्यवधी पेशी मागे उरतात, म्हणून दोन ते तीन वर्षे उपचार चालवावे लागतात. पाठीच्या कण्यातून सुई देतात ती मेंदूभोवती दडलेल्या पेशींसाठी. औषधेही एक नव्हे, चार-सहा. त्यांतील व्हिन्क्रिस्टीन हे आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते, हे ऐकून मला नवल वाटले. अमेरिकेत मेम्फिस येथील डॉ. पिंकेल यांनी अशी औषधे एकत्र देऊन १९६० नंतरच्या दशकात जवळजवळ निम्मी मुले बरी केली. आज श्रीमंत देशांत दहांतील सुमारे नऊ मुले वाचतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे आणि पैशाअभावी किंवा मूल बरे दिसते म्हणून मध्येच उपचार सोडणे, हे त्याचे एक कारण आहे. आमचा हा मुलगा आता शेवटच्या टप्प्यात आहे. रोज एक गोळी घरीच घेतो आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. हे मेथोट्रेक्सेट म्हणजे ॲमिनोप्टेरिनचे सौम्य भावंड.

सुब्बारावांना यातले काहीच पाहावयास मिळाले नाही. फार्बरांचा तो निबंध छापून दोन महिने होतात न होतात, तोच ऑगस्ट १९४८ मध्ये झोपेतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय अवघे ५३. त्या निबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव नव्हते. पुढे १९५३ मध्ये एका नव्या बुरशीला त्यांच्यावरून सुब्बारोमायसिस असे नाव देण्यात आले आणि १९९५ साली, जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.