विश्लेषण : 'हाउंड डॉग' गाजले; मूळ गायिकेच्या हाती काय आले?

एल्विस प्रेस्लीचे नाव निघाले की 'हाउंड डॉग' आठवतेच. पण १९५६ मध्ये त्याने हे गाणे गायले, त्याच्या तीन वर्षे आधीच ते अमेरिकेत गाजले होते. तेव्हा आवाज होता 'बिग मामा' थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचा. पुढे गाणे जगभर गेले आणि गायिका मागे राहिली. असे का झाले?

थॉर्नटन कोण होत्या?

विली मे थॉर्नटन यांचा जन्म ११ डिसेंबर १९२६ रोजी अलाबामा राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. आईचे लवकर निधन झाले आणि शाळा सुटली. दारूच्या गुत्त्यात पिकदाण्या धुण्याचे कामही त्यांनी केले. चौदाव्या वर्षी त्या एका फिरत्या कंपनीत गायिका म्हणून दाखल झाल्या. संगीताचे रीतसर शिक्षण नव्हते. ड्रम आणि माउथ ऑर्गन त्या इतरांचे पाहून शिकल्या. १९४८ मध्ये त्या ह्यूस्टनला आल्या आणि १९५१ मध्ये तिथल्या 'पीकॉक रेकॉर्ड्स'शी त्यांचा करार झाला.

मूळ गाणे कसे होते?

जेरी लायबर आणि माइक स्टोलर या अवघ्या १९ वर्षांच्या जोडीने थॉर्नटन यांचे गाणे ऐकून खास त्यांच्यासाठी 'हाउंड डॉग' रचले. १३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण झाले. ड्रमवर होते बँडप्रमुख जॉनी ओटिस. शब्दशः हाउंड डॉग म्हणजे शिकारी कुत्रा. गाण्यात मात्र तो दुसऱ्याच्या जिवावर जगणारा पुरुष आहे आणि बाई त्याला दार दाखवते आहे. १९५३ मध्ये तबकडी बाजारात आली आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. थॉर्नटन यांच्या सांगण्यानुसार त्यांना या गाण्याचे एकूण ५०० डॉलर मिळाले.

बँडने काय बदलले?

१९५५ मध्ये 'फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज' या रॉक अँड रोल बँडने हे गाणे नव्याने केले. सरसकट सगळ्या श्रोत्यांना चालावे म्हणून शब्द सौम्य केले, चाल अधिक उडती केली. बाईचा संताप गेला आणि उरली कुत्र्यावरची गंमत. १९५६ च्या वसंतात लास वेगासमध्ये एल्विसने या बँडचा कार्यक्रम पाहिला आणि त्यांचीच आवृत्ती उचलली. २ जुलैला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झाले. 'डोन्ट बी क्रूएल' हे गाणे दुसऱ्या बाजूला असलेली ही तबकडी अमेरिकेत ११ आठवडे अव्वल राहिली.

थॉर्नटन यांना वाटा का नाही?

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार, एकदा प्रकाशित झालेले गाणे कोणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकत असे. त्यासाठी प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यावे लागत, पण ते शब्द आणि चालीच्या हक्कदाराला, म्हणजे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला. गायिकेने गाण्यात ओतलेली ढब कायद्याच्या लेखी कोणाचीच मालमत्ता नव्हती. १९५३ मध्ये 'सन रेकॉर्ड्स'ने याच चालीवर 'बेअर कॅट' हे गाणे काढले, तेव्हा मूळ गाण्याच्या प्रकाशकाने दावा लावून तो जिंकला. गायिकेला मात्र दावा लावण्याजोगा हक्कच नव्हता. ध्वनिमुद्रणांना संघीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ मध्ये, आणि तेही मूळ मुद्रणाची नक्कल रोखण्यापुरते. नव्याने गायलेल्या आवृत्तीला ते आजही लागू होत नाही.

स्वतः लिहिलेल्या गाण्याचे काय?

'बॉल अँड चेन' हे गाणे तर थॉर्नटन यांनी स्वतः लिहिले होते. जॅनिस जॉपलिनने ते त्यांच्याकडून ऐकले, परवानगी घेतली आणि १९६७ च्या मॉन्टेरी महोत्सवात गाऊन ती रातोरात प्रसिद्ध झाली. त्यामुळे थॉर्नटन यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले, कार्यक्रमही मिळाले. पण या गाण्याचे हक्क त्यांनी आधी एका छोट्या कंपनीकडे दिले होते. त्यामुळे प्रकाशनहक्काच्या रॉयल्टीला त्या इथेही मुकल्या.

अखेर कशी झाली?

मद्याने शरीर पोखरले तरी त्या शेवटपर्यंत गात राहिल्या. २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, भाड्याच्या खोल्यांच्या एका वसतिगृहात, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीची प्रार्थना चालवली ती तोपर्यंत धर्मोपदेशक झालेल्या जॉनी ओटिस यांनी. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने एल्विसला १९८६ मध्ये, पहिल्याच वर्षी स्थान दिले. थॉर्नटन यांचे नाव तिथे लागले २०२४ मध्ये.