हेलियम विजयदुर्गावर सापडला का? 'साहेबाच्या ओट्यां'मागची खरी गोष्ट

शिरोड्याच्या किनाऱ्यावर छोटी दुर्बीण लावून चंद्राचा पहिला फोटो काढायचाय? मग याच जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' आधी पाहून या. हे साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर (१८३६-१९२०).

लॉकियर लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते. नोकरी सांभाळून रात्री सव्वासहा इंची दुर्बिणीतून आकाश पाहायचे. १८६८ मध्ये ग्रहण नसतानाही त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली अनोळखी पिवळी रेषा हेलियमची होती. पण तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते, विजयदुर्गावर नव्हे. पृथ्वीवर हा वायू १८९५ मध्ये सापडला.

मग ओटे कशासाठी? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. चंद्र सूर्याला पूर्ण झाकणार होता जेमतेम दोन मिनिटं. फोटो हुकला की संपलं. म्हणून लॉकियर यांनी 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेच्या खलाशांकडून आधी कित्येक दिवस तालीम करून घेतली. फोटो मिळाले.

नवख्यांना मात्र एवढी घाई नाही. चंद्राचा फोटो हलला, तर दुसऱ्या रात्री पुन्हा काढता येतो.