विश्लेषण : पुण्याजवळ १७९३ मध्ये नवे नाक मिळालेला कावसजी कोण होता?

सुरकुत्या घालवणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनच्या जाहिराती आता भोर-वेल्ह्यातल्या मोबाइलवरही झळकतात. पण चेहऱ्यावरच्या उपचारांशी पुण्याचे नाते फार जुने आहे. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कावसजी नावाच्या माणसाला पुण्याजवळ चक्क नवे नाक मिळाले. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात त्याचे नाव आजही घेतले जाते.

कावसजी कोण होता?

इंग्रजी नोंदीनुसार तो शेतकरी समाजातला मराठा होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०-९२) तो इंग्रज फौजेत बैल हाकायचा. १७९२ मध्ये तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला.

ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन दिली. पोटाची सोय झाली, पण चेहऱ्याचे काय? नाक कापणे म्हणजे नुसती इजा नव्हे, जाहीर बेअब्रू. मराठीत आजही अब्रू गेली की नाक कापले गेले असेच म्हणतात. कावसजीने वर्षाहून अधिक काळ तसाच काढला.

नाक बसवले कसे?

१७९३ मध्ये पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातले डॉक्टर थॉमस क्रूसो आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने अशी शस्त्रक्रिया पाहिली होती. त्यांनी सांगितलेली पद्धत अशी :

• मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करायचे. ते सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि भोवती रेघ मारायची.
• तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन्ही डोळ्यांमधली छोटी पट्टी तशीच ठेवायची. तिच्यातून रक्तपुरवठा सुरू राहतो.
• कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी घेतलेल्या चिरेत बसवायची.
• पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस ठेवायच्या. नंतर तुपात बुडवलेले कापड लावायचे.
• दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे.
• साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापायची.

ईथरची भूल यायला तेव्हा अजून पन्नास वर्षे होती.

लंडनला बातमी कशी पोहोचली?

जानेवारी १७९४ मध्ये चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह ही हकिकत छापून आली. ती वाचून सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव केला. १८१४ मध्ये त्यांनी लंडनमध्ये याच पद्धतीने नाक बसवले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही पद्धत युरोपभर गेली.

आज त्याचे काय?

कॅन्सर किंवा अपघातात नाक गेलेल्या रुग्णांसाठी कपाळाची कातडी वापरण्याची पद्धत आजही प्रचलित आहे. पट्टी आजही साधारण तीन आठवड्यांनीच कापतात, कारण नव्या जागेतून रक्तपुरवठा सुरू व्हायला तेवढा वेळ लागतोच.

बोटॉक्सचे काम वेगळे. ते मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत जाऊ देत नाही. स्नायू सैल पडतो आणि सुरकुती कमी दिसते. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते. कावसजीला मिळालेले नाक मात्र त्याच्याच कातडीचे आणि कायमचे होते.

या प्रकरणातला रुग्ण, डॉक्टर, चित्रकार, सगळ्यांची नावे इतिहासात आहेत. ज्याच्या हातांनी हे नाक घडले, त्याची मात्र फक्त जात नोंदवली गेली.